धुरा चढताना

गेल्या वर्षी आषाढातल्या एका सकाळी माझ्या शेताच्या कडेला दोन छोटे ट्रॅक्टर शेजारी शेजारी उभे होते. एक चंद्रपूरच्या विक्रेत्याने चालवून पाहण्यासाठी पाठवलेला, नवाकोरा. त्याच्या सीटवरचे प्लास्टिकही अजून निघाले नव्हते. दुसरा जवळजवळ माझ्याच वयाचा. त्याचा मूळ रंग कोणता, हे सांगणारा माणूस आता एकच उरला होता आणि तो त्या दोन्हींच्या मध्ये पाठीवर हात बांधून, धोतराचा काचा मारून उभा होता. ते लहानुजी कोवे.

निवृत्तीला तेव्हा माझे काही महिने राहिले होते. मूल गावाच्या पुढे दोन एकर जमीन आम्ही घेऊन ठेवली होती. अर्ध्यात धान, अर्ध्यात आंबा, लिंबू आणि भाजीपाला. एवढ्याशा जमिनीला मोठा ट्रॅक्टर नको, बागेत झाडांच्या ओळींतून फिरेल असा बुटका हवा, इथपर्यंत घरात एकमत होते. जुना की नवा, यावर मात्र नव्हते. मी लहानुजींना सल्ला विचारायला बोलावले, असे सगळ्यांना सांगितले. ते अर्धेच खरे होते. मला त्यांना तीस वर्षांपासून एक गोष्ट सांगायची होती आणि ट्रॅक्टरचे निमित्त नसते, तर ती सांगण्याचे धैर्य मला याही खेपेला झाले नसते.

लहानुजींची आणि माझी ओळख एका शासकीय बियाणे प्रक्षेत्रावरची. मुलचेऱ्याकडच्या जंगलाला लागून ते होते. आता तेही राहिलेले नाही. मी तिथे कृषी सहायक म्हणून रुजू झालो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो, नोकरी अजून कायम झालेली नव्हती आणि हातात पदविका असल्यामुळे मातीविषयीचे बरेचसे आपल्याला कळते, अशी माझी समजूत होती. लहानुजी प्रक्षेत्राचे ट्रॅक्टरचालक. ट्रॅक्टर मूळचा आंब्याच्या रोपवाटिकेसाठी आलेला, चणीने लहान; पण धानाच्या अरुंद बांध्यांत चिखलणीलाही तोच जात असे. लहानुजी त्याला ‘बुटकी’ म्हणत. त्यांच्या लेखी ती ‘ती’ होती.

पहिल्याच दिवशी मी रुबाबात बुटकीच्या मडगार्डवर बसलो आणि म्हणालो, “चला, सगळं प्रक्षेत्र दाखवा.” लहानुजींनी ट्रॅक्टर दहा पावले नेला आणि इंजिन बंद केले. खिशातून बिडी काढली, ती सावकाश ओढली. मग दुसरी काढली.

“काय झालं? बिघडलं काही?” मी विचारले.

“नाई जी.”

“मग काऊन थांबलो?” त्यांची भाषा मला बोलता येते, हे दाखवण्याची माझी धडपड होती.

“मडगार्ड बसाची जागा नोहे, बाबू. तुमी उतरान मंग ते चालू होते.”

मी उतरलो. ते चालू झाले. त्या दिवशी अख्खे प्रक्षेत्र मी ट्रॅक्टरच्या मागून पायी फिरून पाहिले, आणि आज म्हणू शकतो की मला जे काही प्रक्षेत्र कळले, ते त्या एका दिवशी कळले.

रोज सकाळी बुटकीला हँडल मारून सुरू करण्याआधी ते तिच्या बॉनेटला पालथा हात लावत, तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावावा तसा. थंड इंजिनाला ताप कसला असणार, पण हात लावल्याशिवाय हँडलला शिवायचे नाहीत. बिघाड शोधायची त्यांची रीत वेगळीच होती. हातभर लांबीची वेळूची काडी घेत, तिचे एक टोक इंजिनावर टेकवत, दुसरे कानाला, आणि डोळे मिटून ऐकत. त्या वेळी कोणी बोललेले त्यांना खपत नसे. एकदा खुद्द प्रक्षेत्र अधिकारी काही विचारू लागले, तेव्हा त्यांनी डोळे न उघडताच सांगितले, “ते बोलून राह्यली, साहेब. आपण थोडं थांबाव.”

जंगलाकडच्या बांध्यांत शिरण्याआधी ते इंजिनाचा आवाज चांगला वाढवून जरा वेळ उभे राहत. हे कशासाठी, असे मी विचारले, तर म्हणाले, “त्याच्या घरी चाललो आपण. सांगून जावं लागते.” वाघाचे नाव त्यांनी घेतलेले मी कधी ऐकले नाही.

त्यांची सर्वांत मोठी शिकवण मात्र धुऱ्याची होती. आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात आणि धुऱ्यांनी वेढलेल्या, पाणी धरून ठेवणाऱ्या धानाच्या तुकड्याला बांधी. चिखलणी करताना ट्रॅक्टरला एका बांधीतून दुसरीत जायचे तर मधला धुरा ओलांडावा लागतो. लहानुजी धुऱ्याजवळ आले की बांधीतच वळसा घेत, बुटकीची पाठ धुऱ्याकडे करत आणि मागे पाहत, उलटे चढत. प्रत्येक वेळी. धुरा वीतभर उंच असो की गुडघाभर.

“इतका वेळ काऊन घालवता?” मी एकदा म्हणालो.

“मागचे चाकं गाऱ्यात फसले असते जी. समोर चढ. चाकं फिरले नाई, तं इंजिनाचा जोर जाईन कुठी? तोंड उचलते मंग. घोड्यावानी.” आणि थोड्या वेळाने: “घाई माणसाले असते, बाबू. चिखलाले नसते.”

धुरा ओलांडून झाला की बुटकी थांबायची. लहानुजी खाली उतरत, सीटमागे बांधलेले फावडे काढत आणि चाकांनी धुऱ्यात पडलेली खाच चिखलाने भरून काढत. वरून टाचेने दाबत. पाणी झिरपत नाही अशी खात्री झाल्यावरच पुढे. दिवसातून वीस धुरे ओलांडले तर वीस वेळा. इतर गावांत चालक खाच तशीच टाकून जात आणि संध्याकाळी बाया-माणसे ती बुजवत. मी म्हणालो, “हे मजुरांचं काम आहे. आणि धुरा तर सरकारचा.”

“मोडला कोण?” त्यांनी विचारले.

मी धुऱ्यातल्या खाचेकडे पाहिले.

“मंग,” ते म्हणाले आणि फावडे परत बांधू लागले.

आता ज्या प्रसंगासाठी हे सगळे लिहीत आहे, त्याकडे यायला हवे. मी मुद्दाम रेंगाळलो, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला आणि रोवणी मागे पडली. जिल्ह्याचे मोठे अधिकारी पाहणीला येणार, असा निरोप आला. दुपारपर्यंत रस्त्याकडच्या सगळ्या बांध्या चिखलून तयार दिसाव्यात, अशी माझी इच्छा होती. इच्छा म्हणण्यापेक्षा भीती. तीन बांध्या उरल्या होत्या. लहानुजी धुऱ्याजवळ आले आणि नेहमीप्रमाणे वळसा घेऊ लागले. मी धुऱ्यावरून ओरडलो, “वळू नका. सरळ घ्या.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले.

“मी सांगतो आहे ना? सरळ घ्या.”

त्यांनी आणखी एकदा पाहिले आणि बुटकी सरळ घातली. पुढची चाके धुऱ्यावर चढली. मागची लोखंडी चाके चिखलात रुतली, आणि मग ते तोंड उचलले गेले. अगदी त्यांनी सांगितले होते तसेच. लहानुजींनी बाजूला उडी घेतली. बुटकी पाठीवर आडवी झाली. जीव वाचला, डावे मनगट मात्र स्टिअरिंगच्या चाकात अडकून मोडले. पुढे ते बसवले गेले, पण वाकडेच बसले.

अपघाताचा अहवाल मी लिहिला. लिहिणारा दुसरा कोणी नव्हताच. त्यात मी एक वाक्य लिहिले: ‘धुरा ओलांडताना चालकाने नेहमीची दक्षता घेतली नाही.’ व्याकरणाच्या दृष्टीने ते निर्दोष आहे. त्यात खोटे काय आहे, असे कोणी विचारले असते, तर मी त्या वेळी उत्तर देऊ शकलो असतो. मी कोठे उभा होतो आणि काय ओरडलो होतो, याविषयी अहवालात एक अक्षर नव्हते.

कागद सहीसाठी लहानुजींच्या घरी मीच नेला. डावा हात गळ्यात बांधलेला, ते अंगणात मोहाच्या झाडाखाली बसले होते. त्यांनी कागद उजव्या हातात घेतला आणि बराच वेळ समोर धरला. त्यांना वाचता येत नाही, असे मी धरून चाललो होतो. मग त्यांनी कागद मांडीवर ठेवला, सावकाश, अक्षर अक्षर जोडत सही केली आणि घरात हाक दिली, “बाबूसाठी चहा मांड जी. उन्हातून आला.” मी तो चहा प्यालो.

पुढे जे व्हायचे ते झाले. लहानुजींना ट्रॅक्टरवरून काढून आंब्याच्या बागेत चौकीदार केले गेले. बुटकी दुरुस्त झाली, दुसऱ्या कोणाकडे गेली, आणि काही वर्षांनी प्रक्षेत्राच्या भंगारात लिलावाला निघाली. मी कायम झालो आणि चंद्रपूरला बदलून आलो. दर वर्षी ज्येष्ठात, मुलचेऱ्याकडून येणाऱ्या कोणत्या तरी बसच्या कंडक्टरबरोबर माझ्या कार्यालयात एक पिशवी येत असे. पाडाचे आंबे, गवतात नीट लावलेले. आमच्या मुलीच्या जन्माच्या वर्षी आंब्यांबरोबर एक कलमही आले; मुळांशी ओली माती, वरून पळसाची पाने बांधलेली. कलमे बांधायला लहानुजी बागेत असतानाच शिकले, एका वाकड्या हाताने. आंबे आम्ही खाल्ले, कलम लावले. पोच म्हणून दोन ओळी लिहायला मी दर वर्षी बसलो आणि दर वर्षी उठलो. पहिल्या ओळीत काय लिहायचे, तेच सुचत नसे.

बुटकी पुन्हा दिसली ती अशी: जमिनीच्या कामासाठी मूलला गेलो असता एका राईस मिलच्या आवारात, कोंड्याच्या ढिगाशेजारी ती उभी होती. मी लांबून ओळखली. मिलवाले शेठ म्हणाले की अजून चालते, धानाची पोती ओढायला वापरतो. हवी तर घेऊन जा. मी तेथेच मनाशी ठरवून टाकले. घरी येऊन पत्नीला सांगितले, जुन्या यंत्राचे लोखंड कसे जाड असते, त्यात तारांचे जंजाळ कसे नसते, काहीही आपल्या हाताने कसे दुरुस्त करता येते. तिने सगळे ऐकून घेतले. ती चंद्रपूरची, तिचे बोलणे थोडके.

“हँडल मारून सुरू कराचं असते ना ते?” तिने विचारले. “तुमचा खांदा?”

“सवय होईल.”

“तुम्हाले ट्रॅक्टर पाह्यजे, का आणखी काही?”

मी तिला तेव्हा प्रथमच सगळे सांगितले. ती म्हणाली, “मंग त्याईले विचारा. मले काऊन विचारता?”

असे मी लहानुजींना बोलावले. त्यांच्या शेजाऱ्याच्या मोबाइलवर निरोप ठेवला आणि दोन बसा बदलून ते मूलला उतरले. तीस वर्षांत आमची भेट नव्हती. वय सत्तरीच्या पुढे, अंग वाळलेले, पण पाठ ताठ. “जोहार, बाबू,” म्हणाले, जणू मी कालच प्रक्षेत्रावरून गेलो होतो. माझे केस पाहून म्हणाले, “तुमीबी म्हातारे झाले तं.”

मिलच्या आवारात बुटकीपाशी ते थांबले. पालथा हात बॉनेटवर ठेवला. मग कोंड्याच्या ढिगाजवळ पडलेली एक काडी उचलली आणि सुरू झालेल्या इंजिनाला कान लावला. शेठ मागून सांगू लागले, “पुराना माल आहे, लहानुजी. लोहा असली आहे.”

“असली हाय,” लहानुजी डोळे मिटूनच म्हणाले. “म्हणूनच अंगावर आला तं हात मोडते.”

शेठ हसले. मी हसू शकलो नाही.

शेत मिलपासून फार लांब नाही, म्हणून शेठच्या माणसाने बुटकी तिथवर आणून दिली. दोन्ही ट्रॅक्टरांना चिखलणीची लोखंडी चाके लावलेली होती. लहानुजींनी आधी नव्याला प्रदक्षिणा घातली. मडगार्डवर टिचकी मारली. “पापडावानी हाय,” म्हणाले. सीटमागची जाड लोखंडी कमान मात्र त्यांनी दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिली, तिच्या बोल्टांवरून बोटे फिरवली आणि विक्रेत्याच्या माणसाला विचारले, “हे कायले?”

“उलटला तर चालवणारा दबत नाही, बाबा. पट्टा बांधून बसायचं.”

लहानुजी त्या कमानीकडे बराच वेळ पाहत राहिले. मग माझ्याकडे वळले. “बुटकीवर बसा. त्या बांधीत घेऊन दाखवा.”

मी बसलो. भोकाभोकांची ती लोखंडी सीट उन्हाने तापली होती. ट्रॅक्टर मी अधूनमधून चालवलेला होता, पण सगळे पाहत आहेत या जाणिवेने हात ताठरले होते. धुऱ्यापाशी आलो आणि गिअर न बदलता सरळ चढू लागलो. हे मी कसे केले, मला सांगता येत नाही. पुढची चाके हलकी झाल्याचे कळले त्याच क्षणी लहानुजींचा आवाज आला, मोठा नव्हे, पण धारदार: “क्लच दाबा. बंद करा.”

मी बंद केले. बुटकी मागे घसरून सपाटीला टेकली. लहानुजी धुऱ्यावरून चालत माझ्या बाजूला आले.

“बाबू,” ते म्हणाले, “तीस वर्सं झाले. तुमी अजून सरळच चढता.”

मी तेथेच, त्या सीटवर बसून सांगितले. जे ओरडलो होतो ते, जे लिहिले ते, जे लिहिले नाही ते. शब्द ठरवून ठेवले होते. ते सापडले नाहीत. मी सांगत असताना लहानुजी धुऱ्याची माती पायाच्या अंगठ्याने उकरत होते.

“वाचलं होतं मी,” ते म्हणाले.

“काय?”

“तो कागद. चवथी शिकलो हाव जी. जोडाक्षराले वेळ लागते.”

“मग सही काऊन केली तुम्ही?”

“तुमची नवकरी कच्ची होती. माही पक्की. मले काढून काढून बागेतच टाकतीन, माह्या मनानं. तुमाले घरी पाठवतीन.” त्यांनी उकरलेली माती पायाने परत सपाट केली. “राग आला होता. नाई आला म्हणन तं खोटं होईन. दोन वर्सं आला. मंग कलमा कराले शिकलो, त्यात गेला.”

“आणि आंबे?”

“आंबे जास्त होत होते,” ते म्हणाले.

मी खाली उतरू लागलो, बहुधा त्यांचे पाय धरावेत म्हणून. त्यांनी वाकडा हात आडवा धरला. “गाऱ्यात उतरू नका, चप्पल फसन.” मग बुटकीच्या बॉनेटकडे पाहून म्हणाले, “हे घेऊ नका. ब्रेक एका बाजूनं लागते हिचा. सामान भेटत नाई. अन् तुमाले उलटं चढता येत नाई. तो कमानवाला घ्या.”

“पण लहानुजी, ही तुमची बुटकी आहे. मला वाटलं होतं, ही घेतली तर...”

“मी उतरलो तिच्यावरून, बाबू. कव्हाच उतरलो. तुमीच बसून हाव.”

मी उतरलो.

त्यानंतर त्यांनी मला नव्या ट्रॅक्टरवर बसवले, पट्टा बांधायला लावला, आणि धुऱ्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. मी वळसा घेतला, पाठ धुऱ्याकडे केली आणि मान वळवून मागे पाहिले. ते मला बोलावत होते, चांगल्या हाताने, सावकाश: “या. या. येऊ द्या. घाई नाई.” मागची चाके धुऱ्यावर आली, वर चढली, पलीकडे उतरली. मागोमाग पुढची. काहीच झाले नाही. इतके साधे होते ते.

त्यांनी थांबायची खूण केली आणि कोपऱ्यातले फावडे आणून माझ्या हातात दिले. मी खाच भरली. चिखल टाकला, थापला, टाचेने दाबला. त्यांनी वाकून पाहिले. एका जागी पाणी झिरपत होते. “इथी,” म्हणाले. मी आणखी एक फावडे टाकले. त्यांनी स्वतः हात लावला नाही.

नवा ट्रॅक्टर आम्ही घेतला. लहानुजींनी शेठकडे एकच गोष्ट मागितली: बुटकीची सीट. शेठने ती लगेच काढून दिली. घरी मोहाचे एक खोड आहे, त्यावर ठोकणार, म्हणाले.

या उन्हाळ्यात ते गेले. शेजाऱ्याने मोबाइलवर कळवले. मी मुलचेऱ्याला गेलो. अंगणात खोडावर ती सीट होती, आणि तिच्यावर कोणी बसत नाही, असे त्यांच्या पत्नीने सांगितले. मीही बसलो नाही. यंदा चिखलणी मी स्वतः करतो आहे. धुऱ्यापाशी आलो की वळसा घेतो, मान मागे वळवतो. फावडे सीटमागे बांधलेले असते.

पण त्यांना मी शेवटचे पाहिले ते मूलच्या बसस्थानकावर, गेल्या वर्षी ट्रॅक्टर चालवून पाहिला त्याच दिवशी दुपारी. सीट पोत्यात गुंडाळून ते बसमध्ये चढले. कंडक्टर म्हणाला, “बाबा, हे काय आहे?”

“खुर्ची हाय,” लहानुजी म्हणाले. “सरकारी.”

त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली. मी खाली उभा राहिलो, हात जोडावेत की हलवावा, हे ठरवत. बसला फलाटावरून मागे घ्यायचे होते. कंडक्टर मागे जाऊन उभा राहिला, शिट्टी वाजवू लागला, बस हळूहळू मागे सरकू लागली. मी हात वर केला. लहानुजींनी तो पाहिला नाही. त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली होती आणि ते एकाग्र होऊन मागचे चाक पाहत होते.